चार सेकंद

सकाळी नऊला तिनं पाऊल उचललं.
टेकलं, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

तालिनमध्ये, कोप्लीच्या ट्राम-थांब्यामागं,
जिथं पूर्वी माशांची खोकी बनायची
त्या लांबट खोलीत, काळे पडदे ओढून
मी एका बाईला चालवते.
उंची बावीस सेंटीमीटर. पोलादी सांधे.
पापण्यांच्या चौदा जोड्या, गोळ्यांच्या डबीत.
नाव लेइडा. टपाल वाटते.
गोठलेल्या समुद्रावरून बेटाकडं निघालीय
एकच पत्र घेऊन.

समुद्र मेणाचा आहे, हिम खायच्या सोड्याचं.
वारा म्हणजे तिच्या रुमालात ओवलेली तार.
ती सुईच्या टोकानं वाकवायची,
हात काढायचा, श्वास रोखायचा, फोटो.
पुन्हा हात. पुन्हा फोटो.
एका सेकंदात बारा वेळा तिला शिवायचं
आणि एकदाही तिथं दिसायचं नाही.

चालणं सोपं असतं, हे कुणाला पटत नाही.
चालणाऱ्याला वजन असतं, घाई असते,
टाच काय करणार ते गुडघ्याला आधीच ठाऊक असतं.
अवघड असतं उभं राहणं.
माणूस उभा राहिला तर थांबतो.
बाहुली उभी राहिली तर मरते.

दृश्य एक्केचाळीस: लेइडा दारापाशी पोचते.
दार वाजवण्याआधी थांबते. चार सेकंद.
तॉनिसनं तीनदा पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाला, "इथं नुसता खिळा ठोकलाय."
मी तिचे खांदे केसभर वर घेतले, केसभर खाली.
"आता श्वास घेणारा खिळा."

मग आठवडाभर उभी माणसं गोळा करत हिंडले.
ट्रामची वाट बघणारी. औषधांच्या दुकानातली.
एक म्हातारा तोंड मिटून जिभेनं दात चाचपत होता,
गालावरून कळत होतं.
घेण्यासारखं होतं. पण लेइडाचं नव्हतं.

आणि वाल्वे.
आमच्या बाहुल्यांचे कपडे तीच शिवते,
वीतभर कोट, नखाएवढे खिसे.
जानेवारीत तिचा नवरा गेला.
दफनानंतर सगळे कॉफीला आत गेले,
ती पायरीवरच राहिली, दाराकडं तोंड करून,
आणि अंगठ्यानं कोटाचं दुसरं बटण
फिरवत राहिली, जुन्या रेडिओवर
कुणी स्टेशन शोधावं तशी.
मी तिच्या मागं होते. सांत्वनाला गेले होते.
आणि मोजत होते.
अर्धा फेरा, थांब. पाव फेरा मागं. थांब.
घरी येऊन आधी ते कागदावर उतरवलं,
मग रडले.
क्रम हाच होता, लपवत नाही.

त्या चार सेकंदांना दीड दिवस लागला.
अठ्ठेचाळीस वेळा ते बटण चिमट्यात धरलं.
तेहतिसाव्या वेळी दिवा किंचित पिवळा झाला;
नीट पाहिलं तर अजून दिसतं,
आत कुणी शेगडीचं दार उघडावं तसं.
राहू दिलं.

तॉनिस काही बोलला नाही.
चष्मा नाकावरच होता.

एप्रिलात सगळ्यांसाठी पडदा लावला.
वाल्वे माझ्या पुढच्या रांगेत, केस नुकतेच कापलेले.
एक्केचाळीस आलं. गेलं.
पत्र पोचलं, बर्फ तडकला, आमची नावं वर सरकत गेली.
तिची मान मात्र होती तिथंच होती
आणि मी चित्रपट सोडून तेवढंच बघत होते.

बाहेर थांब्यावर ती म्हणाली,
"ते बटण मी दुहेरी दोऱ्यानं शिवलं होतं.
फिरवायला जोर लागला असेल."
"लागला," मी म्हटलं.
"दुसरं बटण," ती म्हणाली,
आणि तिची ट्राम आली.

लेइडा आता खोक्यात आहे, सांधे सैल करून,
पातळ कागदात, पापण्या वेगळ्या.
पुढच्या चित्रपटात घोडी आहे, म्हातारी.
रोज सकाळी थांब्यावर मी एका पायावरचं वजन
काढून बघते, घोडी उभी राहते तशी.
लोक जरा बाजूला सरकतात.